सावली न पडणारी जागा

लाम्पांग, १० जानेवारी

भावोजी,

"काही अपरिहार्य कारणांमुळे" म्हणे. माझी सख्खी बहीण थोंगसाय तुम्हाला अपरिहार्य कारण वाटली? हा शब्द मला धड वाचताही येईना. तिकीट खिडकीवरच्या पोरीकडून दोनदा वाचून घेतला, मग अर्थ विचारला, आणि अर्थ कळल्यावर डाव हातातून सुटून रश्शात बुडाला. तोवर मी तुमची पानं कौतुकाने ऐकत होते, हे मुद्दाम सांगते.

तुम्ही उभारलेल्या विज्ञानघराला पंचवीस वर्षं होतायत, नव्या संचालक बाईंनी तुमच्याकडे आठवणी मागितल्या, तुम्ही भलामोठा गठ्ठा पाठवलात. बाईंनी त्याची एक प्रत माझ्या खानावळीच्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाल्या, जुन्या माणसांनी वाचून चुका सांगाव्यात. जुनं माणूस आता मीच एकटी उरलेय, तेव्हा सांगते.

हत्तीच्या सांगाड्याबद्दल तुम्ही लिहिलंय की लाकूडतोडीच्या छावणीवरून तो आणला आणि त्यावर "संवर्धनाची प्रक्रिया" केली. ती प्रक्रिया अख्खा पावसाळा अशी घाणत होती की थोंगसाय तुम्हाला विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय घरात घेत नव्हती. अंगणाच्या दोन टोकांना दोन मोठ्या ताटल्या आहेत, एकीत कुजबुजलं की दुसरीत ऐकू येतं. त्या देवळाच्या मुदपाकखान्यातल्या कढया. मी आणि थोंगसायने राख लावून घासल्या तेव्हा कुठे त्या विज्ञानाच्या झाल्या. तुम्ही लिहिलंत "स्थानिक साहित्य". केस उभे करणारं ते विजेचं यंत्र पावसाळाभर रुसून बसतं, त्याला तुम्ही "हंगामी मर्यादा" म्हणता. असू दे. एवढ्यावर मी भांडले नसते.

पण सावलीच्या घड्याळाचं काय लिहिलंत? "सूर्यघड्याळ काही अपरिहार्य कारणांमुळे इमारतीच्या पूर्वेस बसवावे लागले. मूळ जागी कामगारांनी परस्पर राखणदाराचे घर उभारले होते."

कुठल्या कामगारांनी? गवंडी एवढंच म्हणाले होते की जागेच्या अदृश्य राखणदाराला खांबावर छोटंसं घर मिळाल्याशिवाय आम्ही छपरावर चढत नाही. आणि तुम्ही त्यांच्यापुढे भाषण ठोकलंत की विज्ञानाच्या घरात भुताखेतांना खोली मिळणार नाही. तेव्हा तुमच्याशी एका शब्दानेही न भांडता, रात्रीच्या जेवणाला थोंगसायने तुम्हाला विचारलं, की अंगणात अशी जागा कुठे आहे जिथे वर्षभरात कधीच इमारतीची सावली पडणार नाही? मोठ्या घराची सावली राखणदाराच्या घरावर पडू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्हाला वाटलं, बाईला मिरच्या वाळवायच्या आहेत. तुम्ही तर असे हरखलात की भात गार झाला. छपराएवढे उंच बांबू रोवलेत, उन्हातान्हात चुन्याच्या रेघा मारत फिरलात, आणि एक दिवस त्या जागेवर हात पसरून उभे राहिलात, "ही बघ." त्याच्या पुढच्या गुरुवारी तिथे खांबावर राखणदाराचं घर उभं होतं, आणि तुमचं तोंड उघडं ते उघडंच. अख्खं लाम्पांग हसलं. पंचवीस वर्षं मी ही गोष्ट गिऱ्हाइकांना शेवयांबरोबर वाढतेय.

आणि तुम्ही लिहिता, कामगारांनी परस्पर.

ते वाक्य खोडा आणि तिचं नाव घाला. फोनवर तुम्हाला "हॅलो"च्या पलीकडे ऐकू येत नाही म्हणून लिहावं लागतंय. अक्षराला हसू नका, चौथीच्या पुढे मला कोणी पाठवलं नाही.

बुआफान

चांथाबुरी, २० जानेवारी

प्रिय बुआफान,

तुझं पत्र मिळालं. लसणाचा वास इतका होता की लेकीने ते आधी उन्हात ठेवलं. अक्षराला हसलो नाही. तुझ्या अक्षरात एक गुण आहे, ते आरडाओरडा करत येतं, त्यामुळे मला नीट ऐकू येतं.

आता मुद्द्याचं. ही पुस्तिका शाळेतल्या मुलांसाठी आहे. तिच्यात बायकोने नवऱ्याला कसं बनवलं ही हकिगत घालत नाहीत. "कामगार" हा व्यापक शब्द आहे, त्यात विटा वाहणारे येतात, जेवण पोचवणारे येतात आणि त्यांच्या बहिणीही येतात. शिवाय थोंगसायला स्वतःला ते आवडलं असतं का? उद्घाटनाच्या फोटोत ती हत्तीच्या मागे जाऊन उभी राहिली होती. फोटोत हत्तीच्या बरगड्यांतून तिची चप्पल तेवढी दिसते.

सांगाड्याच्या वासाबद्दल तू नेहमीच वाढवून सांगतेस.

बागेतले मँगोस्टीन पाठवले आहेत. वरचे आधी खा, खालचे टिकतील. रश्शात डाव बुडाला तर तो चिमट्याने काढावा, हात घालू नये.

तुझा,
थावोन

लाम्पांग, २८ जानेवारी

भावोजी,

मँगोस्टीन मिळाले. वरचे चांगले होते, खालच्यांचा लगदा झाला होता. म्हणजे तुम्ही सांगितलंत त्याच्या बरोबर उलटं.

आता तुमच्या व्यापक शब्दाने काय केलं ते ऐका. नव्या संचालक नारुमोनबाई बँकॉकच्या आहेत, वयाने लहान, बोलायला गोड, माझ्या शेवया नावं न ठेवता खातात. बाई वाईट नाही. त्यांनी तुमचं "परस्पर" वाचलं आणि त्यांच्या मनाने घेतलं की तुमच्यावर मोठा अन्याय झालाय. एवढा मोठा माणूस, त्याच्या घड्याळाची जागा गवंड्यांनी बिनपरवानगी बळकावली आणि बिचारा पंचवीस वर्षं गप्प बसला. म्हणून वर्धापनदिनाला तुम्हाला भेट द्यायची ठरलीय. राखणदाराचं घर तिथून हलवून पाण्याच्या टाकीमागे न्यायचं, आणि त्याच्या जागी तुमचं सावलीचं घड्याळ बसवायचं. शेजारी पितळेची पाटी, तीवर तुमचं नाव.

हे सांगताना बाईंचे डोळे चमकत होते. 

टाकीमागे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. एका बाजूला चिंच, एका बाजूला संडास, वर इमारत. ऊन कशाशी खातात ते तिथल्या पालींनाही ठाऊक नसेल. मी तसं बोलले. बाई म्हणाल्या, काकू, तिथे छान गारवा आहे. मग मी म्हटलं, ते घर थोंगसायने बसवलंय.

त्या म्हणाल्या, "थोंगसाय कोण?"

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांना कुठून कळणार? ताऱ्यांच्या खोलीचे काळे पडदे तिने शिवले, सांगाड्याची हाडं तिने तारेने ओवली, आणि तुमच्या गठ्ठ्यात तिचं नाव नाही. हत्तीचं आहे.

भावोजी, मी देवभोळी बाई नाही. राखणदार मला काही देत नाही आणि मीही मागत नाही. पण रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी मी तिथे फुलांची माळ घालते, लाल सरबताची बाटली ठेवते आणि थोंगसायशी दोन शब्द बोलते. तिच्या अस्थी देवळाच्या भिंतीत आहेत, तिथे मला काही बोलायलाच सुचत नाही. इथे सुचतं. टाकीमागे संडासाच्या दाराशी उभी राहून मी तिच्याशी काय बोलू?

बाईंना लिहा की घर हलवू नका. दोन ओळींचं काम आहे.

बुआफान

चांथाबुरी, ९ फेब्रुवारी

प्रिय बुआफान,

नारुमोनबाईंचं पत्र मलाही आलं. फार चांगलं पत्र आहे. दोनदा वाचलं, मग लेकीने शेजारच्यांना वाचून दाखवलं, ते मला न विचारता.

तुझ्यापासून काय लपवायचं? ते घड्याळ पूर्वेला बसवल्यापासून दुपार कलली की इमारतीच्या सावलीत जातं. शाळेची सहल आली की एकतरी पोरगं विचारायचंच, घड्याळ झोपलं का? गुरुजी सांगायचे, सरकारी आहे, अर्धा दिवस काम करतं. इतकी वर्षं मी त्यावर हसलो. आता कुणी म्हणतंय की ते त्याच्या जागी न्यायचं, तर मला नकोय असं मी कसं म्हणू? पाटीचं मला काही नाही.

राखणदाराचं म्हणशील, तर तुझ्याच म्हणण्याप्रमाणे तो अख्ख्या आवाराची राखण करतो. टाकीसुद्धा आवारातच येते.

गाडीची तिकिटं आली आहेत. मी विचार करतो. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? ओल्या फरशीवर उभी राहू नकोस.

थावोन

लाम्पांग, १६ फेब्रुवारी

भावोजी,

गुडघा ठीक आहे. डोकं ठीक नाही.

"विचार करतो." लग्न ठरवायच्या वेळीही तुम्ही आमच्या ओसरीवर बसून हेच म्हणाला होतात. मग आईने तुमची सायकल मागच्या गोठ्यात लपवली आणि सांगितलं, विचार झाला की मिळेल. या वेळी माझ्या हाताशी सायकल नाही.

इथलं सांगते. काल बाईंनी विधी करणाऱ्याला बोलावलं होतं. तेव्हाचे आजोबा गेले, आता त्यांचा मुलगा करतो. तो घराभोवती फिरला, टाकीमागे जाऊन आला, नाकाला रुमाल लावूनच आला. बाईंना म्हणाला, हे खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवण्यासारखं नसतं. ज्याच्या नावाने घर बसवलं, त्याने स्वतः हात जोडून जा म्हणायला हवं. बसवताना माझ्या वडिलांनी कुणाचं नाव घेतलं होतं? बाईंना काय ठाऊक, त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने आभाळाकडे. मग सगळ्यांनी माझ्याकडे. त्या दिवशी तिथे असलेलं माणूस आता मीच.

मला आठवतंय. मी म्हटलं, चुलीवर रस्सा आहे, उतू जाईल. आणि निघून आले. वर्धापनदिन गुरुवारी सात मार्चला आहे, विधी त्याच दिवशी सकाळी. तोवर बाई मला रोज विचारणार आणि माझा रस्सा रोज उतू जाणार.

तुम्हाला नाव सांगण्याआधी एक विचारते आणि तोंडावर विचारते. हे सगळं घड्याळासाठी आहे का? मला तसं वाटत नाही. चौथी शिकलेल्या बाईने आचान थावोनना, एवढ्या मोठ्या गुरुजींना, बनवलं हे तुम्हाला कधी पचलंच नाही. ती होती तोवर तुम्ही हसण्यावारी नेलंत. आता ती नाही, तर तिची ती एक जीत पुसून टाकताय, आणि वर पितळेची पाटी लावून घेताय. असं असेल तर तसं लिहा. मी तुम्हाला पत्र लिहायचं बंद करीन आणि मँगोस्टीन परत पाठवीन, लगद्यासकट.

बुआफान

चांथाबुरी, २३ फेब्रुवारी

बुआफान,

हे पत्र तिकीट खिडकीवरच्या पोरीकडून वाचून घेऊ नकोस. अक्षर मोठं काढलं आहे.

तिने मला बनवलं नाही.

मिरच्या उन्हाळ्यात वाळवतात. भर पावसाळ्यातही सावली पडू नये अशी जागा कुठल्या मिरच्यांना लागते? तिने प्रश्न विचारला त्याच क्षणी मला कळलं. घास तोंडात तसाच राहिला. भात गार झाला म्हणतेस, तो त्यामुळे झाला.

तेव्हाची माझी अवस्था तू पाहिली होतीस. गवंडी चिंचेखाली बसून होते, भिंती उघड्या पडल्या होत्या, आणि मी ते भाषण करून बसलो होतो. ते मागे घ्यायचं तर उद्या तिथे कुणी माझं ऐकलं नसतं. थोंगसायने मला शब्द मागे घ्यायला सांगितलं नाही. मला उत्तर देता येईल असा प्रश्न तिने विचारला. इतक्या वर्षांत माझ्याशी इतकं चांगलं कुणी वागलेलं मला आठवत नाही.

जागा दोन होत्या. एक फाटकाजवळ, अरुंद, टांग्याचे घोडे तिथे उभे राहायचे. ती सांगितली असती तरी चाललं असतं. दुसरी मी घड्याळासाठी मनात धरून ठेवली होती. मी तिला दुसरी सांगितली. घोड्यांच्या शेणात कुणाला घर द्यायचं, मग तो असो वा नसो?

मग त्या गुरुवारी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो. आरशासमोर सराव केला होता. ती इतकी हसली की विटांच्या ढिगावर बसली. पुढे जन्मभर मी फार शहाणपणा करायला लागलो की ती विचारायची, मिरच्या वाळल्या का? आणि मी गप्प व्हायचो. मला ते फार आवडायचं.

आता बघ माझी अडचण. तू सांगतेस तशी गोष्ट छापली तर ती खोटी. तोंड उघडं ठेवून खोटं वागणं मला एकदा जमलं, छापून जमणार नाही. खरी छापली तर तिचं ते हसणं फुकट गेलं असं होतं. म्हणून मी "कामगार" लिहिलं. म्हणून "अपरिहार्य". मी जागा जाणूनबुजून दिली हे कुणाला माहीत नाही, त्यामुळे आता ती परत मिळतेय तर नको म्हणायला माझ्याकडे कारणही नाही. राखणदारावर विश्वास बसला म्हणू? नारुमोनबाई डॉक्टरला बोलावतील.

घर हललं तर मला वाईट वाटेल. पण तिच्या हसण्याला मी हात लावणार नाही. हे तुझ्यापाशी ठेव.

थावोन

लाम्पांग, २८ फेब्रुवारी

भावोजी,

पत्र मीच वाचलं. त्याला सकाळ गेली. दुपारी खानावळ बंद ठेवली, गिऱ्हाइकं दारावर थाप मारून गेली.

आधी माझं ऐका. तुम्ही लबाड आहात. पंचवीस वर्षं मी एक खोटी गोष्ट वाढत होते आणि तुम्ही दर वेळी समोर बसून, मान खाली घालून, शेवया ओढत होतात. एकदाही चेहरा हलला नाही. हत्तीपेक्षा तुम्हालाच काचेत ठेवायला हवं होतं.

आता ते नाव. विधीच्या आजोबांनी विचारलं, घर कुणाच्या नावाने? मला वाटलं थोंगसाय विज्ञानघराचं सांगेल, नाहीतर स्वतःचं. ती म्हणाली, "थावोनच्या. जागा त्यांनीच बघून दिलीय."

मी फिसकन हसले. वाटलं, काय बाई आहे, नवऱ्याला बनवलं ते बनवलं आणि वर देवासमोर त्याला चिमटा काढतेय. आजोबांनी माझ्याकडे डोळे वटारले. थोंगसाय हात जोडून उभी होती. ती हसत नव्हती, भावोजी. हसली ती नंतर, तुम्ही तोंड उघडं टाकून आलात तेव्हा. तेव्हा मात्र विटांवर बसून, पोट धरून हसली.

काल दुपारभर मी यावर बसून होते. तिने तुम्हाला बनवलं, किंवा तुम्ही तिला, किंवा तुम्ही दोघांनी मिळून मला. पहिली दोन मला सोयीची आहेत. पण खरं तिसरंच दिसतंय. तिला माहीत होतं की तुम्हाला माहीत आहे. नाहीतर हात जोडून, न हसता, तुमचं नाव तिने का घेतलं असतं? तेव्हा तुम्ही जे हसणं जपून ठेवलंय ते तुमच्या जपण्यावर अवलंबून नाही. तिने ते आधीच तुमच्याबरोबर वाटून घेतलं होतं.

हे मी बाईंना अजून सांगितलेलं नाही, आणि नाव तुमचं असल्यामुळे राखणदाराला जा म्हणायचा हक्क तुमचाच आहे. या, हात जोडा आणि जा म्हणा. मी आड येणार नाही. माझी माळ घेऊन टाकीमागे जाईन, नाकाला रुमाल लावीन. घड्याळ उन्हात येईल, पोरं वेळ बघतील, चांगलंच आहे ते. पण तुमच्या तोंडून "जा" निघणार नसेल, तर बाईंना सांगा की जागा कुणी बळकावली नव्हती, तुम्ही दिली होती, आणि कुणाला दिली होती. कारण विचारलं तर हेच कारण. डॉक्टर बोलावला तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी शेवया वाढीन.

पुस्तिका बुधवारी छापखान्यात जातेय. कारकुनाला मी सांगून ठेवलंय की घड्याळाचं पान सर्वांत शेवटी दे. त्या पानावर थोंगसायचं नाव येणार की कामगारच राहणार, ते मला मंगळवारच्या टपालात कळलं पाहिजे. विचार करतो असं लिहून आलं तर मी पत्र फोडणार नाही.

बुआफान